दुष्काळी वर्षातला हंगामाचा सण: घरातलं काय आणायचं, कसं आणायचं?

पंचमंडळी_सचिव

सर्वांना सलाम.

आमची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, मराठवाड्यातली. 45 घरं, रविवारी साधारण 150 माणसं. हंगामाच्या सणाला अजून तीन आठवडे आहेत. यंदा खरीप पावसाअभावी गेला आणि रब्बीची ज्वारी पोटरीतच वाळली. दरवर्षी वेदीपुढे कणसं, भोपळे, कोंबड्या, तुरीची पोती येतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. यंदा निम्म्या घरांत विकतचं धान्य आहे, गावात टँकर चार दिवसांनी येतो.

सण रद्द करू नये यावर पंचांचं एकमत आहे. अडचण कशी निभवायची याची आहे. तर माहीतगारांना विचारायचंय: शेतातलं काही नसताना अर्पण काय आणायला सांगावं? लिलाव ठेवावा का? त्याच दिवशी प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण) आहे, त्याची भाकर आणि द्राक्षाचा रस घरच्या जिनसांतून होईल का? जमलेलं धान्य वाटेपर्यंत टिकवायचं कसं? तपशील सांगाल तर बरं, म्हणजे येत्या रविवारीच घोषणा करता येईल.

---

कणगी

सलाम सचिवसाहेब. तीन आठवडे हातात आहेत, तेव्हा सगळ्यात सोपी आणि जुनी रीत धरा: मूठ.

बायबलातल्या लेवीयच्या 2ऱ्या अध्यायात अन्नार्पणाचा विधी आहे, त्यात याजक सपिठातलं मूठभरच घेऊन वेदीवर ठेवतो. अर्पण म्हणून मुठीचं माप तिथूनच आहे. पुढे 5:11 मुद्दाम वाचा. ज्याला कोकरू परवडत नाही त्याने दोन पारवे आणावेत, तेही परवडत नसतील तर एफाचा दहावा भाग सपीठ आणावं. म्हणजे आजच्या मापाने दोन लिटरच्या डब्याइतकं पीठ. गरिबाचं अर्पण नियमशास्त्रातच लिहून ठेवलंय, ती कुणी दिलेली सूट नव्हे. घोषणेत हा संदर्भ पाळकसाहेबांकडून आला तर रिकाम्या शेताची लाज अर्धी तिथेच सरेल.

आता करायचं कसं ते. स्वयंपाकाला धान्य किंवा पीठ काढताना, परातीत पडण्याआधी, एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. आधी टाकायची. जेवण झाल्यावर उरलं तर टाकू, असं ठरवलं की दुष्काळात डबा रिकामाच राहतो, कारण उरत काहीच नाही. बाईमाणसाच्या हाताची बंद मूठ ज्वारीची साधारण 40 ग्रॅम भरते. दिवसाला एकच मूठ धरली तरी 21 दिवसांत घरटी 840 ग्रॅम, 45 घरांचे जवळपास 38 किलो. ज्या घराला रोज जमणार नाही त्याने फक्त रविवारी टाकावी, तीही मूठच.

दोन गोष्टी आधीच ठरवून सांगा. एक, धान्य कुठलं. ज्वारी, गहू, तांदूळ सगळं एकाच डब्यात आलं तर नंतर निवडायला बायकांचे दोन दिवस जातात आणि शिजवायला तर उपयोगच नाही. ज्वारी किंवा तांदूळ, प्रत्येक घराने एकच निवडावं आणि डब्यावर लिहावं. दोन, धान्यच घ्या, पीठ नको. ज्वारीचं पीठ उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत कुबट होतं. बाजरीचं तर आठवड्यातच कडवट लागतं. शिवाय 45 घरांची पिठं एकत्र झाल्यावर त्यात एकाचं जरी अळीचं निघालं तरी सगळं टाकावं लागतं.

---

डोंगरवाट

कणगीताईंनी मुठीचं सांगितलंच आहे, त्याला जोड म्हणून. मिझोरममधल्या मंडळ्यांत ही रीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आजपर्यंत चालू आहे. तिथे तिला 'बुहफाई थाम' म्हणतात, म्हणजे मूठभर तांदूळ. घरातली बाई प्रत्येक वेळच्या भातातून चुलीवर चढवण्याआधी एक मूठ बाजूला काढते. मंडळीतल्या बायका ठरावीक दिवशी घरोघर जाऊन तो गोळा करतात, एकत्र मापतात, विकतात, आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. त्याच मिझोरममध्ये 1959 साली बांबू फुलला, उंदरांनी शेतं खाल्ली आणि 'माउताम' नावाचा दुष्काळ पडला. 2007 च्या सुमारास पुन्हा तेच झालं.

तुमच्या कामाची गोष्ट त्यांच्या गोळा करण्यात आहे. सगळा भार महिनाअखेरीच्या एका दिवसावर टाकत नाहीत. घर-गट ठरलेला, गोळा करणारी बाई ठरलेली, वार ठरलेला. वार चुकला की डब्यातलं धान्य घरातच वापरलं जातं, आणि त्यात त्या घराचा दोषही नाही. 45 घरांना पाच बायका पुरतील, प्रत्येकीकडे नऊ घरं.

---

पंचमंडळी_सचिव

धन्यवाद दोघांना. महिला मंडळाशी आजच बोलतो. एक शंका: बऱ्याच घरांत सध्या रेशनचाच गहू-तांदूळ आहे. तो आणला तर चालेल ना? आणि लिलावाचं काय?

---

हिशेबनीस

या दोन प्रश्नांचं उत्तर एकमेकांत गुंतलेलं आहे, म्हणून एकत्र देतो.

रेशनचं धान्य विकायला कायद्याने मनाई आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी 5 किलो मिळतं ते खाण्यासाठी. घरातली एक मूठ शिजवून सगळ्यांनी खाल्ली तर त्यात काही वावगं नाही. पण तेच धान्य मंडळीच्या नावाने लिलावात विकलं तर तक्रार होऊ शकते आणि ती पाळकसाहेबांच्या अंगावर येईल. म्हणून रेशनच्या मुठीचा डबा वेगळा ठेवा आणि ते धान्य फक्त जेवणाला वापरा. घोषणेतच सांगा, नंतर नको.

लिलावाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: यंदा नको. चांगल्या वर्षी लिलावात मजा असते, एक भोपळा 500 रुपयांना जातो आणि मंडळी हसते. वाईट वर्षी तीच बोली ज्याच्या खिशात काही नाही त्याला सगळ्यांसमोर गप्प बसवते. दुसरा धोका उधारीचा. भावनेच्या भरात लावलेली बोली वहीत राहते, सहा महिने वसूल होत नाही, आणि तो माणूस रविवारी मागच्या दाराने येऊ लागतो.

त्याऐवजी हे करा. विकण्याजोगं जे काही येईल, म्हणजे अंडी, कोंबडी, शेंगा, घरी विणलेली टोपली, त्यावर त्या आठवड्याच्या बाजारभावाने किमतीची चिठ्ठी लावा. उपासना झाल्यावर टेबलावर मांडा. रोख द्या, वस्तू घ्या. ज्याला जास्त द्यायचं असेल त्याने जास्तीचे पैसे दानपेटीत टाकावेत, बोलून दाखवायचं कारण नाही. पैसे मोजायला दोन माणसं, एका घरातली नकोत. आकडा त्याच दिवशी फळ्यावर. आणि कुणी किती आणलं ही नावासकट वाचायची यादी यंदा पूर्ण बंद ठेवा. पावती द्या, यादी वाचू नका.

---

शेतशाळा

धान्य टिकवण्याबद्दल. कृपया हा भाग वगळू नका, सगळ्यात जास्त नासाडी इथेच होते.

सोंड्या किडा दाण्याच्या आत अंडी घालतो. बाहेरून दाणा धड दिसतो, आणि उन्हाळ्याच्या उबेत चार-पाच आठवड्यांत आतून किडा भोक पाडून निघतो. म्हणजे एखाद्या घराची जुनी ज्वारी आज स्वच्छ दिसेल, तुमच्या पिंपात पडेल, आणि महिन्याभराने अख्खं पिंप चालू लागेल. म्हणून घरोघरचं धान्य थेट एकत्र ओतू नका. दर आठवड्याला गोळा झालं की आधी चाळा. मग काळ्या प्लॅस्टिकवर दोन-तीन सेंटिमीटरचा पातळ थर द्या, वरून पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून कडा दगडांनी दाबा आणि कडक उन्हात दिवसभर ठेवा. आतली उष्णता 50 अंशांच्या वर जाते, त्यात किडा आणि अंडी दोन्ही मरतात. नुसतं उघड्यावर वाळवलं तर किडे सावलीकडे पळतात, मरत नाहीत.

संध्याकाळी लगेच भरू नका. गरम धान्य डब्यात कोंडलं की रात्री गार होताना झाकणाला आतून पाणी सुटतं आणि वरच्या थराला बुरशी धरते. रात्रभर घरात कापडावर गार होऊ द्या, सकाळी भरा. दाणा दाताखाली 'कट्' आवाज करून तुटला पाहिजे. दबला तर अजून एक ऊन द्या. पिंप गळ्यापर्यंत भरा. अर्धं रिकामं पिंप म्हणजे किड्याला भरपूर हवा. वर सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला कापडात बांधून ठेवला तर चालेल, पण त्याच्यावर विसंबू नका.

आता मनापासून हात जोडून सांगतो. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मंदिरात, पाळकसाहेबांच्या घरात किंवा माणसं झोपतात अशा कुठल्याही खोलीत वापरू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि तो झोपेतल्या माणसाला मारतो. दुकानदार सहज देईल, तरी घेऊ नका. पाऱ्याच्या गोळ्या आणि बोरिक पावडरही नको. घरच्या धान्यात काय घातलंय हे घरच्या बाईला ठाऊक असतं, ती धुऊन घेते. वाटपातलं धान्य घेणाऱ्याला ते ठाऊक नसतं.

डाळी येणार असतील तर अख्खी तूर-मूग न घेता डाळच घ्या. कडधान्याचा भुंगा अख्ख्या दाण्यात वाढतो, फोडलेल्या डाळीला त्याचा त्रास फार कमी.

---

वसईचं_पान

आम्हा कॅथलिकांकडचं थोडं सांगते, कदाचित मांडणीत उपयोगी पडेल. आमच्याकडे अर्पणाच्या वेळी लोक भाकर-द्राक्षारसाबरोबर गरिबांसाठीच्या वस्तूही घेऊन येतात. पण त्या वस्तू वेदीवर ठेवत नाहीत. वेदीवर फक्त भाकर आणि द्राक्षारस, बाकीचं वेदीपासून बाजूला, योग्य जागी. हा नियमच आहे आणि तो शहाणपणाचा आहे. प्रभुभोजन आणि हंगामाचा सण एकाच दिवशी असेल तर मेजावर भोपळे नि पोती रचली की प्याला ठेवायला जागा राहत नाही, आणि कुणाच्या तरी पदराने कपांचा ट्रे कलंडतो.

मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन कॅथलिक समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो, गोव्यात राय गावी 5 ऑगस्टला कणसांचं फेस्त. दोन्हीकडे भाताची नवी लोंबी आशीर्वादित होते. तिथे ढीग नसतो, एक जुडीच पुरते. तुमच्याकडे वाळलेली ज्वारी उभी असेल तर तिची एक पेंढी आणाच. ती कडबा म्हणून नंतर कुणाच्या तरी गायीला जाईल.

---

मेज_आणि_प्याला

प्रभुभोजनाच्या जिनसा. आधी एक गोष्ट: कॅथलिक मंडळीत भाकर फक्त गव्हाची आणि रस द्राक्षाचाच, आंबवलेला, हे धर्मविधीच्या कायद्यात ठरलेलं आहे. तिथे घरगुती फेरबदल करू नयेत. प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळकसाहेबांना विचारून पुढचं करता येतं.

भाकर: 200 ग्रॅम कणीक, 110 ते 120 मिली कोमट पाणी. तेल नाही, मीठ नाही, सोडा नाही. 8-10 मिनिटं चांगली मळा, अर्धा तास ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा. तीन मिलिमीटर जाड लाटा, काट्याने सगळीकडे टोचा म्हणजे फुगणार नाही. मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी कोरडी भाजा. गरम असतानाच सुरीने दीड सेंटिमीटरच्या रेघा मारून ठेवा, मग उपासनेत मोडताना चुरा पडत नाही. एवढ्यात 150 माणसांना पुरून उरतं. चुका दोन होतात. पातळ फुलके केले तर दोन तासांत वाळून कुरकुरीत होतात आणि तुकडे सतरंजीवर सांडतात. तेल घातलं तर पांढऱ्या कापडाला डाग पडतो, आणि तो धुवायला पाणी नाही.

ज्वारीची भाकरी वापरावी का, असा प्रश्न येईल. भावना समजते, पण ज्वारीत चिकटपणा नसतो. गार झाल्यावर ती भुगा होते, 150 नीट तुकडे निघत नाहीत. पाळकसाहेबांनी हो म्हटलं तर पहिली मोडायची भाकर ज्वारीची ठेवा आणि वाटायची गव्हाची.

रस: ताजी द्राक्षं महाग असतील तर मनुका घ्या. 150 कपांना, प्रत्येकी 10 मिलीप्रमाणे, दीड लिटर रस लागतो. 600 ग्रॅम काळ्या मनुका कोमट पाण्याने दोनदा चोळून धुवा. बेदाणा-मनुका करताना द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशच्या द्रावणात बुडवतात, तो थर निघायला हवा. मग 1.8 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात स्टीलच्या भांड्यात रात्रभर, 10-12 तास भिजवा. सकाळी हाताने कुस्करा, स्वच्छ पंच्यातून पिळून गाळा, मंद आचेवर 5 मिनिटं उकळा. गार झाल्यावर बाटलीत. फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतो.

काय बिघडतं: उन्हाळ्यात मनुका दिवस-रात्र बाहेर भिजत राहिल्या तर वर फेस येतो, वास आंबूस होतो, म्हणजे आंबायला लागलं. तो टाकून द्यावा लागतो. उकळल्याने आंबवणारे जीव मरतात. 1869 साली अमेरिकेत थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने प्रभुभोजनासाठी न आंबलेला द्राक्षरस पहिल्यांदा बाटलीत टिकवला तो याच तत्त्वावर. पितळ-तांब्याचं भांडं बिलकूल नको, रस आंबट असतो, धातू उतरतो. आणि झाकण गरम असताना घट्ट लावू नका.

कप धुण्याचं पाणी वाचवायचं असेल तर एकाच प्याल्यात तुकडा बुडवून द्या. त्याला 400 मिली रस पुरेल, मग रसाचं वरचं सगळं प्रमाण चौथ्या हिश्शावर आणा. थोडा जास्त करून ठेवा, शेवटच्या माणसांना प्याल्याचा तळ येऊ नये.

---

सरळरेघ

सगळं वाचतोय, छान चाललंय. पण एक विचारतो, राग मानू नका. ज्या घरात खरोखरच मूठही नाही त्यांचं काय? काही मंडळ्यांत दाराशी धान्याची टोपली ठेवतात, रिकाम्या हाताने आलेल्याने त्यातूनच मूठ घ्यायची आणि पुढे जाऊन अर्पायची. मला ते पटत नाही. दुसऱ्याचं धान्य उचलून आपलं म्हणून देणं हे अर्पण कसं? खळं नि बैल फुकट देऊ पाहणाऱ्या अरवनाला दावीदाने स्पष्ट सांगितलं होतं की फुकट मिळालेलं होमार्पण मी देवाला देणार नाही.

---

कणगी

सरळरेघ, राग कसला, प्रश्न रास्त आहे. पण दावीद राजा होता. त्याच्याकडे किंमत द्यायला 50 शेकेल चांदी होती आणि फुकट घेण्याची त्याला गरज नव्हती. त्याचं वाक्य ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी आहे. त्याच दावीदाने म्हातारपणी मंदिरासाठी सोनं-चांदी जमवल्यावर काय प्रार्थना केली ते पाहा, 1 इतिहास 29:14. सगळं तुझ्यापासूनच येतं, तुझ्याच हातचं घेऊन आम्ही तुला दिलं, या अर्थाचं ते वचन आहे. आणि पौलाने करिंथकरांना लिहिलं की देणं जे आहे त्या मानाने मान्य होतं, जे नाही त्या मानाने नव्हे. दाराशी टोपली ठेवली तर सगळे जण सारख्याच हातांनी पुढे जातात. कुणाची मूठ घरची, कुणाची टोपलीतली, हे रांगेत बघणाऱ्याला कळत नाही. मला तेच महत्त्वाचं वाटतं.

फक्त टोपली नीट ठेवायला हवी. दाराच्या आत, चपला काढतो तिथून दूर, आणि तिच्यापाशी कुणी उभं राहू नये. स्वयंसेवक उभा केला की लोक लाजतात. सगळ्यांनीच तिथून एक मूठ घ्यावी असं पाळकसाहेबांनी आधीच्या रविवारी सांगितलं तर आणखी बरं.

---

सरळरेघ

सगळ्यांनीच घ्यावी, हे पटलं. माझी हरकत मागे घेतो.

---

टाळकरी

रांगेचं गणित करा, नाहीतर उपासना लांबते. 45 घरं, प्रत्येक घराला 20 सेकंद धरले तर 15 मिनिटं. पण टोपलीतून सगळे 150 जण मूठ घेणार असतील तर एकाच परातीपुढे 50 मिनिटं लागतील. तीन पराती मांडा, दोन्ही बाजूंना आणि मध्ये. खाली चादर अंथरा, फरशीवर सांडलेल्या दाण्यावरून म्हाताऱ्यांचे पाय घसरतात.

तेवढा वेळ भजन. नारायण वामन टिळकांनी आपल्याला अभंग-भजन उपासनेत दिलं, त्याचा फायदा अशाच वेळी कळतो. ध्रुपद पाठ असतं, पुस्तक हातात लागत नाही, हात मुठीला मोकळे राहतात. चार ओळींचं ध्रुपद असलेलं, मध्यम लयीचं भजन निवडा, भजनी ठेक्यात. पेटी नसली तरी चालेल. एक ढोलकी आणि टाळांचे दोन जोड पुरतात. एक काळजी: कोरड्या उन्हाळी हवेत ढोलकीची कातडी ताणून आवाज चढतो. आदल्या रात्री ती सावलीत कापडात गुंडाळून ठेवा, उन्हात नको, आणि सकाळी गाणाऱ्याच्या पट्टीला जुळवून घ्या. गाणाऱ्याने पट्टी खाली धरावी, बायका-मुलं सगळी गाणार आहेत.

पहिल्या परातीत पडणारी पहिली मूठ लहान मुलाची असू द्या. मुलाची मूठ छोटी, दाणे थोडे, आणि पितळेच्या परातीत त्यांचा आवाज येतो. त्यानंतर मंडळी आपोआप शांत होते.

---

चूल

जेवणाबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते. 150 माणसांच्या भाकऱ्या करायच्या म्हणजे 300 भाकऱ्या. हात बसलेली बाई तासाला 20-25 करते. नका करू. बायका अख्खी उपासना चुलीपाशी घालवतील.

ज्वारीची आंबील करा. 3 किलो पीठ, प्रत्येक किलोला 2 लिटर ताक किंवा पाणी घालून रात्रभर भिजवा. सकाळी किलोला 10 लिटर याप्रमाणे पाणी उकळा, त्यात भिजवलेलं पीठ बारीक धारेने ओता आणि एका माणसाने सतत ढवळत राहा. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं की गोळे होतात, ते मग फुटत नाहीत. मंद आचेवर 15-20 मिनिटं, वास बदलेपर्यंत. मीठ, जिरं, ठेचलेला लसूण. साधारण 36 लिटर होते, 200 मिलीचे 180 पेले. ताक नंतर वरून घालायचं असेल तर आंबील कोमट झाल्यावरच, नाहीतर फाटतं.

रेशनचा तांदूळ असेल त्याची खिचडी. माणशी 80 ग्रॅम तांदूळ आणि 30 ग्रॅम डाळ धरा, पण आंबील असल्याने निम्मंच करा: 6 किलो तांदूळ, सव्वादोन किलो डाळ, सुमारे 28 लिटर पाणी. वेगवेगळ्या घरांचा तांदूळ एकत्र असतो, जुना आणि नवा, एक शिजतो तेव्हा दुसरा कच्चा. अर्धा तास भिजवून मगच टाका, फरक बराच कमी होतो. पळसाच्या पत्रावळी वापरा, भांडी घासायचं पाणी वाचतं.

पाण्याचा हिशेब टँकरच्या दिवसाशी आधीच जुळवा. स्वयंपाकाला 70 लिटर, तांदूळ धुवायला आणि हाताला तेवढंच, प्यायला माणशी एक लिटर, म्हणजे 300 लिटरच्या आसपास. दोन ड्रम.

---

पंचमंडळी_सचिव

चूलताई, पाण्यावरून आठवलं. काही जण म्हणतात की वेदीपुढे पाण्याची घागरही अर्पण म्हणून ठेवावी, दावीदाने बेथलेहेमच्या विहिरीचं पाणी परमेश्वरापुढे ओतलं तसं ओतावं. मला जरा धाकधूक वाटते.

---

डोंगरवाट

ओतू नका. दावीदाने ते ओतलं कारण ते पाणी आणायला तिघांनी जीव धोक्यात घातला होता, त्यांच्या रक्ताच्या मोलाचं पाणी त्याला पिववेना. टँकरपुढे चार तास रांगेत उभ्या राहिलेल्या बाईच्या समोर तिचंच पाणी फरशीवर ओतायचं, हे तिला कसं दिसेल याचा विचार करा. घागर जरूर ठेवा, भरलेली, वर ओलं फडकं. प्रार्थना झाली की तेच पाणी सगळ्यांत आधी म्हाताऱ्यांना प्यायला द्या.

---

हिशेबनीस

एक राहिलं. ज्यांच्याकडे धान्य नाही पण हात आहेत, त्यांच्यासाठी श्रमाच्या चिठ्ठ्या ठेवा. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायका आठवा. पंडिता रमाबाईंनी त्यांतल्या कितीतरी जणींना 1896-97 च्या दुष्काळातून आणलं होतं. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल केलं आणि त्याचे खिळे जुळवले, छपाई केली ती त्या बायकांच्याच हातांनी. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, बायबल 1924 मध्ये पुरं बाहेर आलं. हातातलं काम अर्पण होतं ते असं.

चिठ्ठीवर चार गोष्टी हव्यात: नाव, काम, किती तास, कोणत्या तारखेपर्यंत. 'मंडळीसाठी काहीही करीन' अशी चिठ्ठी घेऊ नका, ती कधीच पुरी होत नाही. 'मंदिराच्या चार खिडक्यांच्या बिजागऱ्या, तीन तास, 20 तारखेपर्यंत' अशी घ्या. शिवणाऱ्याने मेजाचं कापड, गवंड्याने ओट्याची भेग, शिकणाऱ्या मुलीने दोन आजींना रोज अर्धा तास बायबल वाचून दाखवणं. ही चिठ्ठीही त्याच परातीत, दाण्यांवर. चिठ्ठ्या सांभाळणारा एकच माणूस नेमा आणि त्याने तारखेच्या दोन दिवस आधी आठवण करावी. हा माणूस नसेल तर योजना करूच नका, अपुऱ्या चिठ्ठ्यांनी मन खट्टू होतं.

---

पंचमंडळी_सचिव

सर्वांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी पंच बसले होते, ठरलं ते असं. मूठ या रविवारपासून. पाच बायका, गोळा करायचा वार शनिवार. लिलाव नाही, किमतीच्या चिठ्ठ्या. रेशनचा तांदूळ वेगळ्या डब्यात, खिचडीला. भाकर गव्हाची, मोडायची पहिली ज्वारीची, पाळकसाहेबांनी मान्य केलं. मेजावर दुसरं काही नाही. दाराशी टोपली, सगळ्यांसाठी. घागर ओतायची नाही. वाचनाला हबक्कूक 3:17-18 घेतोय, अंजीर फुललं नाही, शेतांनी अन्न दिलं नाही, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, ते.

आंबिलीला 3 किलो गेल्यावर ज्वारी-तांदूळ मिळून 25-30 किलो तरी उरावं. ते वाटायला सहा घरं ठरवली आहेत, नावं फक्त पाळकसाहेब आणि महिला मंडळाच्या अध्यक्षांकडे. एकच विचारायचं राहिलं: शेवटची मूठ शनिवारी येणार आणि सण रविवारी, म्हणजे त्या धान्याला ऊन द्यायला दिवसच मिळत नाही. काय करावं?

---

शेतशाळा

शेवटच्या आठवड्याचं धान्य आधीच्यात मिसळू नका, बस. आधीचे दोन आठवडे ऊन दिलेलं पिंपात. शेवटच्या आठवड्यातली ज्वारी शनिवारी दुपारी चाळून, निवडून थेट गिरणीत द्या, त्याच संध्याकाळी भिजत पडेल. तिसऱ्या आठवड्याला निम्म्या घरांची ज्वारी धरली तरी 6 किलो येते, आंबिलीला 3 लागते. उरलेली 3 किलो दळू नका, पिशवीत वेगळी ठेवा, सोमवारी प्लॅस्टिकखाली ऊन द्या आणि मंगळवारी वाटा. रविवारी परातीत जमलेली मूठही त्याच पिशवीत, तिच्यात टोपलीतलं आणि घरचं एकत्र झालेलं असेल. परातीतल्या चिठ्ठ्या मात्र आधी वेचून घ्या.